एक सर्व्हर, चौदा खुर्च्या



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. आर्मी सर्व्हिस कोअर, ज्याला आम्ही एएससी म्हणतो, तिथे माझी नोकरी झाली. सैन्य म्हटलं की लोकांना तोफा आणि रणगाडे आठवतात. आमच्या कोअरचं काम पीठ, डाळ, तेल, रॉकेल आणि पेट्रोल वेळेवर पोचवण्याचं. डोंगरावरच्या शेवटच्या चौकीतल्या शेवटच्या जवानाच्या ताटात त्याच्या हक्काचं पडलं की आमचं काम झालं. निवृत्तीनंतर बेंगळुरूतच स्थायिक झालो. शिक्षणाने मी साधा बी.कॉम. कॉम्प्युटरची पदवी नाही. तरीही आज मी कॉम्प्युटरवर बोलणार आहे, कारण गेली काही वर्षं मी एका सर्व्हरचा लंगर चालवतो आहे.

आमच्या भागात एक छोटं वाचनालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत चौदा मुलं कॉम्प्युटरवर बसू शकतात. येणाऱ्या मुलांचे आईवडील बहुतेक गारमेंट कारखान्यात, सिक्युरिटीत नाहीतर घरकामाला आहेत. घरी एक मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात. कॉलेजचे प्रकल्प, शिष्यवृत्तीचे फॉर्म, परीक्षेचे अर्ज, सगळं इथे येऊन करतात. ही खोली उभी करायची ठरली तेव्हा चौदा कॉम्प्युटर घेण्याइतके पैसे नव्हते. मग एक चांगला सर्व्हर घेतला, आठ कोअरचा आणि बत्तीस जीबी मेमरीचा, आणि त्याला चौदा थिन क्लायंट जोडले.

थिन क्लायंट म्हणजे काय, ते आधी सांगतो. साधारण जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिला स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस जोडायचा. तुम्ही की दाबली की ती बातमी तारेतून सर्व्हरकडे जाते. काम सर्व्हर करतो आणि स्क्रीनवर काय दिसायला हवं त्याचं चित्र परत पाठवतो. तुमच्यासमोरची पेटी जवळजवळ काहीच करत नाही. म्हणूनच ती स्वस्त, वीज कमी खाते आणि सहसा बिघडत नाही. बिघडली तर दुसरी लावायची, आतलं काही हरवत नाही, कारण आत काही नसतंच.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर आपण सगळेच उभे राहिलो आहोत. १९८५ मध्ये दिल्लीत कॉम्प्युटरवर आरक्षण सुरू झालं. खिडकीमागच्या बाबूंसमोर होतं ते नुसतं टर्मिनल. हिशेब आतला मोठा कॉम्प्युटर करायचा. आणि आमच्या बेंगळुरूचा तर या धंद्याशी जुना संबंध आहे. व्हीएक्सएल इन्स्ट्रुमेंट्स ही इथलीच कंपनी, आधी टर्मिनल आणि पुढे थिन क्लायंट बनवणारी.

तर खोली सुरू झाली. पहिले दोनतीन महिने मी कॉलर ताठ करून फिरत होतो. मग एक संध्याकाळ आली.

एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. रात्री बाराला पोर्टल बंद होणार. चौदाच्या चौदा खुर्च्या भरलेल्या. त्यात निपाणीकडच्या एका कुटुंबातली मुलगी होती. आई गारमेंटमध्ये शिलाईला. ती माझ्याशी मराठीत बोलायची, काका म्हणायची. दीड तास बसून तिने फॉर्मची पानामागून पानं भरली होती. कागदपत्रं स्कॅन करून जोडायचं काम चाललं होतं.

साडेआठच्या सुमाराला सगळ्यांचे स्क्रीन अडखळायला लागले. माउस हलवला की बाण दहा सेकंदांनी हलायचा. मग तोही थांबला. कोपऱ्यात एक मुलगा कॉलेजच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ जोडत बसला होता. मला वाटलं, हाच तो. त्याला चार शब्द सुनावले. माझं स्वतःचं सेशन उघडून पाहायचा प्रयत्न केला, तेही उघडेना. मग मी तेच केलं जे कुणीही घाबरलेला माणूस करतो. सर्व्हरचं बटण दाबून धरलं आणि तो बंद करून पुन्हा चालू केला.

एका बटणाने चौदा जणांचं काम गेलं. सर्व्हर उठला, पण चौदा जण एकदम लॉगिन करायला लागले तेव्हा तो पुन्हा धापा टाकायला लागला. सगळे परत बसेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर पोर्टलवरही गर्दी झाली होती. त्या मुलीने फॉर्म पहिल्यापासून भरायला घेतला. बारा वाजले, आणि तिचा अर्ज गेला नाही.

ती रडली नाही. दप्तर आवरलं, आईला फोन केला आणि निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "काका, त्या मुलाला रागावू नका. किती वापरायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

मंडळी, आयुष्यभर मी शिधा मोजून दिला. माणशी पीठ किती, डाळ किती, साखर किती, याचं सैन्यात ठरलेलं प्रमाण असतं. त्याला आम्ही स्केल म्हणतो. ते कुणा एकाच्या मर्जीवर चालत नाही. आणि मीच चौदा मुलांना एका भांड्याभोवती बसवून म्हटलं होतं, घ्या ज्याला जेवढं हवं तेवढं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सैन्यात काही बिघडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. दुसऱ्या दिवशी मी स्वतःवरच ती बसवली. त्या मुलाला बोलावलं, माफी मागितली आणि म्हटलं, कालचंच काम पुन्हा उघड, मला मोजायचं आहे. सर्व्हरची लॉगिनची नोंद काढली. आणि खरी गोष्ट वेगळीच निघाली.

व्हिडिओचं काम साधारण नऊ जीबी खात होतं. बाकीच्या तेरा जणांचं मिळून दहाच्या आसपास. सर्व्हरचं स्वतःचं दोन. हे एकवीस झाले. मग बत्तीस भरले कसे? नोंदीत दिसलं की सकाळच्या तुकडीतली नऊ मुलं लॉगआउट न करताच गेली होती. त्यांनी पेटीचं बटण बंद केलं आणि घर गाठलं. त्यांना वाटलं कॉम्प्युटर बंद झाला. पण पेटी बंद झाली म्हणून सर्व्हरवरचं सेशन बंद होत नाही. ते नुसतं तुटतं. ब्राउझर उघडे, टॅब उघडे, सगळं मेमरीत तसंच जागं. अशा नऊ सेशननी अकरा जीबी धरून ठेवले होते. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, पण ताटं वाढलेलीच होती.

म्हणजे दोष ज्याला दिला त्याचा वाटा होता, पण सर्वांत मोठा वाटा हजर नसलेल्यांचा होता. आणि मूळ चूक माझी होती. मी गिनती घेतलीच नव्हती.

इथे सेशन म्हणजे काय, ते जरा उलगडतो, कारण सामायिक सर्व्हरचे निम्मे घोटाळे इथे होतात. तुम्ही लॉगिन केलं की सर्व्हरवर तुमच्या नावाने एक संसार मांडला जातो. तोच सेशन. त्याच्या चार अवस्था असतात. पहिली, चालू: माणूस बसलाय आणि काम करतोय. दुसरी, निष्क्रिय: माणूस लॉगिन आहे, पण बराच वेळ कीबोर्ड-माउसला हात लागलेला नाही. तिसरी, तुटलेली: पेटी बंद झाली किंवा तार निघाली, पण सर्व्हरवर संसार तसाच आहे. चौथी, संपलेली: लॉगआउट झालं, मेमरी मोकळी. तुटलेली आणि संपलेली, या दोन अवस्था बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हीत खुर्ची रिकामीच. फरक फक्त सर्व्हरला माहीत असतो.

तुटलेलं सेशन ही वाईट गोष्ट नाही. वीज गेली आणि परत आली तर मुलाला त्याचं अर्धवट काम जसंच्या तसं मिळतं, ते यामुळेच. पण ते किती वेळ जपायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवरसुद्धा तुम्ही मर्यादा घातली नाही, तर तुटलेलं सेशन सर्व्हर बंद होईपर्यंत तसंच पडून राहू शकतं. यंत्र स्वतःहून ताट उचलत नाही.

मग मी वाचायला लागलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न माझ्या वयापेक्षाही मोठा आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची पद्धत दाखवली. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला अनेक टर्मिनल. कॉम्प्युटर प्रत्येकाला क्षणभर वेळ देणार आणि पुढच्याकडे जाणार. इतकं झरझर की प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझंच आहे. प्रत्येकाची फाइल वेगळी राहावी म्हणून पासवर्ड आले आणि प्रत्येकाला वापराचा कोटा आला.

आणि कोटा आला तशी चोरीही आली. ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी तिथे होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे, आणि काम तेवढ्यात होत नव्हतं. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने वेळ वापरला. पुढे त्याने स्वतःच हे सांगितलं. मी हे वाचलं आणि हसलो, कारण शिध्याच्या गोदामात हेच घडतं. स्केल गरजेपेक्षा तोकडं ठेवलं की सरळ माणूससुद्धा वाट शोधतो. प्रमाण नसलं तर लूट होते. प्रमाण तोकडं असलं तर चोरी होते. वाटप करणाऱ्याची सगळी कसोटी या दोघांच्या मधल्या पट्टीत आहे.

आता आमच्या गावची गोष्ट. कॉम्प्युटरने वेळ वाटायचा तर कुणामध्ये वाटायचा? जुन्या पद्धतीत तो चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये वाटला जायचा. समजा, दोन माणसं एका सर्व्हरवर आहेत. एकाने एक प्रोग्रॅम उघडलाय, दुसऱ्याने नऊ. सगळे जोरात चाललेत. प्रोग्रॅमप्रमाणे वाटणी केली तर दहा वाटे होतात, पहिल्याला एक, दुसऱ्याला नऊ. ज्याने जास्त मांडलं त्याला जास्त मिळालं. दिसायला प्रत्येक प्रोग्रॅमला समान न्याय, पण माणसांमध्ये अन्याय.

२००७ मध्ये लिनक्समध्ये यावर मोठं काम झालं. गटागटाने वाटणी करण्याची मूळ चौकट गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ पासून बांधायला घेतली होती. तिला आज सीग्रुप म्हणतात. त्यात प्रोसेसरचा वेळ गटाप्रमाणे वाटायचं काम श्रीवत्स वड्डगिरी यांनी केलं. ते इथेच, बेंगळुरूत, आयबीएमच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये होते. आयबीएमच्याच बलबीर सिंग यांनी मेमरीला गटवार मर्यादा घालणारा भाग लिहिला. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत वापरकर्त्याप्रमाणे वेळ वाटायची सोय आली. मेमरीचा भाग एप्रिलमधल्या २.६.२५ मध्ये आला. त्या वाटणीत मघाच्या दोन माणसांना निम्मं-निम्मं मिळतं. मग दुसऱ्याने त्याच्या निम्म्यात नऊ प्रोग्रॅम चालवावेत की नव्वद, तो त्याचा प्रश्न.

लिनक्सचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण त्या दोन फाइलींच्या सुरुवातीला ही दोन नावं आणि २००७ हे साल मी स्वतः पाहिलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सच आहे, आणि वेळेची वाटणी करणारी ती फाइल त्यातही आहे. आमच्या मागच्या खोलीचा प्रश्न सोडवायला लागणारं हत्यार याच शहरात घडलं होतं. मी ते म्यानातून काढलंच नव्हतं, इतकंच.

विंडोजवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. विंडोज सर्व्हर २००८ आर-टू पासून रिमोट डेस्कटॉपवर सेशनप्रमाणे प्रोसेसरची समान वाटणी आहे. २०१२ च्या आवृत्तीत डिस्क आणि नेटवर्कचीही आली. हत्यारं सगळीकडे आहेत.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. कुणाच्या शाळेत, पंचायतीत, अभ्यासिकेत अशी खोली असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम, गिनती. एक महिना रोज तीन वेळा वहीत लिहिलं. किती सेशन, त्यातली चालू किती, तुटलेली किती, कुणाची मेमरी किती. मोजल्याशिवाय स्केल ठरवायचं नाही. कळलं असं की बहुतेक मुलांचं काम एक जीबीच्या आसपास भागतं. दोनतीन जणांनाच जास्त लागतं, आणि तेही रोज नाही.

दुसरं, लंगरच्या आचाऱ्याचं आधी. उदार वाटलं तरी सगळी मेमरी मुलांत वाटायची नाही. बत्तीसातले चार जीबी सर्व्हरच्या स्वतःच्या कामासाठी आणि माझ्या सेशनसाठी राखून ठेवले. त्या रात्री मी आत शिरून पाहू शकलो असतो, तर बटण दाबायची वेळच आली नसती. गर्दीत सगळ्यांत आधी रस्ता ठेवायचा तो अँब्युलन्सला.

तिसरं, माणशी दोन रेघा. उरले अठ्ठावीस, चौदांत दोन-दोन. दीड जीबीवर पहिली रेघ आखली, दोनवर दुसरी. पहिली ओलांडली की सर्व्हर त्या माणसाचं काम हळू करतो आणि त्याच्याकडची न वापरलेली मेमरी मागे घेऊ लागतो. दुसरीला टेकला की त्याचाच एखादा प्रोग्रॅम बंद पडतो. शेजाऱ्याच्या केसाला धक्का लागत नाही. रेघा नसताना सगळी मेमरी संपली की लिनक्स कुठला तरी मोठा प्रोग्रॅम मारतो, आणि तो दोषी माणसाचाच असेल असं नाही. मर्यादा म्हणजे शिक्षा नव्हे. मर्यादा म्हणजे शेजाऱ्याला दिलेलं संरक्षण.

चौथं, वेळ आणि मेमरी यांना एकच नियम लावायचा नाही. प्रोसेसरचा वेळ क्षणात परत घेता येतो. म्हणून तिथे आम्ही कमाल मर्यादा घातलीच नाही, फक्त सगळ्यांचं वजन सारखं ठेवलं. खोलीत एकटाच मुलगा असेल तर आठही कोअर त्याचे. दुसरा आला की निम्मे. रिकाम्या खोलीत कुणाला उपाशी ठेवण्यात काय शिस्त? मेमरीचं तसं नाही. दिलेली मेमरी परत घ्यायची म्हणजे कुणाचं तरी काम मोडायचं. म्हणून तिथे हात राखून वाढायचं.

महिन्याभराच्या गिनतीनंतर दुसरी रेघ तीन जीबीवर नेली. चौदा त्रिक बेचाळीस, आणि आहेत बत्तीस. हिशेब जुळत नाही, मलाही दिसतं. पण सगळे एकाच दिवशी पोटभर जेवत नाहीत, हे वहीने सांगितलं होतं. मात्र अर्जांचे शेवटचे दिवस आले की मी रेघ पुन्हा दोनवर आणतो, आणि व्हिडिओवाल्यांना आधीच सांगतो, दोन दिवस थांबा, मग रविवारी सकाळी खोली तुमची. आजवर एकाही मुलाने कुरकुर केलेली नाही. आधी सांगितलेली अडचण माणूस सोसतो. अचानक आलेली त्याला अपमान वाटते.

पाचवं काम सेशनच्या वेळांचं, आणि इथे मी दुसरी चूक केली. तीही सांगितली पाहिजे.

तुटलेल्या सेशनवर राग होताच. मी फौजी खाक्याने नियम लावला, दहा मिनिटं हात हलला नाही तर सेशन बंद. दोन दिवस खोली अगदी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. हळू वाचणारा, कानडी माध्यमातून आलेला, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं एकेक पान पंधरा-पंधरा मिनिटं वाचणारा. त्याला यंत्राने तीन वेळा बाहेर काढलं होतं. त्याने तक्रार केली नाही. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मंडळी, यंत्राच्या दृष्टीने निष्क्रिय म्हणजे कीबोर्ड-माउस न हलवणारा. पण वाचणारा माणूस निष्क्रिय नसतो. विचार करणाराही नसतो. यंत्राला जे मोजता येतं त्यालाच आपण काम म्हणायला लागलो, तर हळू शिकणारा पहिला बाहेर पडतो. आणि ही खोली मुळात त्याच्यासाठीच उघडली होती.

आता आमचे नियम असे आहेत. खुर्चीवर बसलेल्याचं सेशन यंत्र बंद करत नाही. पाऊण तास हालचाल नसली तर स्क्रीनवर विचारणा येते, आणि मी उठून पाहतो की कुणी बसलंय का. तुटलेलं सेशन वीस मिनिटं जपतो, वीज गेली तर माणूस परत येईपर्यंत. मग ते बंद होतं. रात्री खोली बंद झाल्यावर उरलेलं सगळं संपवून सर्व्हर एकदा ताजा करतो. तो बंद करायचाच असला तरी दहा मिनिटं आधी सगळ्यांना सूचना जाते. बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय, आणि त्याची नोंद वहीत कारणासकट.

सहावं, डिस्क. मेमरी रात्री मोकळी होते, पण डिस्कवरचा कचरा राहतो. ब्राउझरचा साठा, डाउनलोड, सिनेमे. डिस्क काठोकाठ भरली की कुणालाच काही सेव्ह करता येत नाही, आणि कधीकधी लॉगिनही होत नाही. माणशी पाच जीबी दिलेत. चार झाले की सूचना जाते.

आणि सातवं काम, जे त्या मुलीने शिकवलं. दारावर एक तक्ता आहे. कानडी, मराठी आणि इंग्रजीत. माणशी मेमरी किती, डिस्क किती, सेशन किती वेळ जपलं जातं, उठताना लॉगआउट कसं करायचं, जास्त लागलं तर कुणाला भेटायचं. सगळे आकडे उघड. माझ्या नातवालाही तेच, ट्रस्टींच्या मुलालाही तेच. जास्त हवं असेल तर मागायचं. मिळालं तर तेही फळ्यावर लिहिलं जातं. सैन्यात जवान प्रमाण कमी असलं तरी चालवून घेतो. साहेबाचं प्रमाण वेगळं आहे असं कळलं की मात्र तुकडी बिघडते.

व्हिडिओ जोडणारा तो मुलगा आज आमच्या खोलीचा हवालदार मेजर आहे असं समजा. गिनतीची वही तोच ठेवतो. ज्याला खोलीतून हाकलायला निघालो होतो, त्याला जबाबदारी दिली आणि माझं निम्मं काम हलकं झालं.

आणि ती मुलगी? ती शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. त्यावर गोड शेवट लावायचा मला अधिकार नाही. त्या वर्षीची फी आईने ओव्हरटाइम करून भरली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, याच खोलीतून, शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी. तो गेला. पोचपावती छापून दिली तेव्हा ती तक्त्याकडे बघून म्हणाली, "काका, मराठीत लॉगआउटच्या खाली एक ओळ लिहा, नुसती पेटी बंद करू नका." लिहिली. आजही आहे.

तुमच्याकडे सांगलीत, बेळगावात, इंदूरला, बडोद्याला, गोव्यात कुठे अशी खोली असेल, किंवा एकाच कॉम्प्युटरवर चार भावंडं असतील, तर एवढं करा. पहिल्या दिवशी यंत्राला नंतर हात लावा. आधी वही उघडा आणि लिहा, भांड्यात आहे किती, बसणार किती, आणि शेवटी बसणाऱ्याला काय उरणार. हे शेवटचं उत्तर समाधानाचं येईपर्यंत वाढायला सुरुवात करू नका.

नमस्कार. जय हिंद.